फेटा बांधून निरोप

निरोप घ्यावा तर हंबीररावांच्या तोंडून, अशी त्यांच्या कचेरीत एके काळी म्हणच पडली होती. साहेब निवृत्त होवो की शिपाई, समारंभाचं भाषण हंबीररावांचंच. माणूस सारा जन्म टेबलावर डोकं टेकून झोपलेला का असेना, हंबीरराव त्याच्या झोपेतूनही अशी निष्ठा उभी करायचे, की त्याची बायको पदर डोळ्यांना लावायची आणि तो स्वतः, हे कोणाबद्दल चाललंय म्हणून मागं वळून बघायचा. शाल, नारळ, टॉवेल-टोपी, भिंतीवरचं घड्याळ, डोक्याला फेटा, आणि शेवटी ‘जड अंतःकरणानं’ हे दोन शब्द. ते दोन शब्द आले की हुंदका ठरलेला. हंबीरराव स्वतः निवृत्त झाले तेव्हा बोलायला त्या तोलाचं कोणी नव्हतं. मग त्यांनी आपला निरोप आपणच दिला. तो सगळ्यांत चांगला झाला, असं तेच सांगतात.

त्यानंतर मात्र निरोप द्यावा असं कोणी त्यांच्या वाट्याला आलं नाही. मंगळवार पेठेतल्या घरात माणसं तीन. ते स्वतः, बायको बायडाबाई आणि चंदगडहून नोकरीसाठी येऊन राहिलेली भाची संयोगिता. बायडाबाई कुठं जाण्यातल्या नव्हत्या. पेपरवाला बदलला, तो न सांगताच. हंबीररावांच्या पोटात भाषणं नुसती आंबत होती.

अशात एका संध्याकाळी संयोगिता घरामागच्या परड्यात कपडे काढता काढता म्हणाली, “मामा, एखाद्या माणसाला सोडायचं असलं, तर त्याला कसं सांगायचं ओ?”

हंबीररावांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. हातातली शेंग त्यांनी खाली ठेवली. ते त्या वेळी शेवग्याच्या शेंगा मोडत होते, पण उठले ते थेट व्यासपीठावर चढावं तसे.

माणूस कोण, हे विचारायची गरज नव्हती. राजवीर. पेठेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर, मूळ हुपरीचा, घरात चांदीच्या पैंजणांचा कारखाना. संयोगिता आणि तो गेली दोन वर्षं बरोबर फिरत होते, हे गल्लीला ठाऊक होतं, बायडाबाईंना ठाऊक होतं. हंबीररावांनाही ठाऊक होतं, पण मामाच्या हुद्द्याला शोभावं म्हणून ते ठाऊक नसल्यासारखं वागत.

“त्यानं काय आगळीक केली?” त्यांनी विचारलं.

“केली असती तर सोपं झालं असतं की. पोरगं लई चांगलं हाय. पण मामा, तो माझ्याकडं बघतो तवा त्याला त्याची होणारी बायको दिसती. दोन वर्षं झाली, त्या बाईची आन माझी अजून गाठच पडली न्हाई.” तिनं हातातला वाळलेला टॉवेल उगाच दोनदा पिळला. “सांगायला गेलं की तो कुठला गोल कसा अडवला ते सांगत बसतोय. फोनवर लिहिलं, पुसलं. त्याला लहान करून मला मोकळं व्हायचं न्हाई. त्याची मान खाली जाऊ नये, एवढंच.”

एवढंच, असं पोरगी म्हणाली. तिची मागणी केवढीशी. ओंजळीत पाणी न्यावं आणि वाटेत सांडू नये, इतकीच.

बायडाबाई आतून म्हणाल्या, की तिची ती सांगंल, दोन वाक्यांचं तर काम हाय, तुमी मधी पडू नका. त्यावर हंबीररावांनी ऐकवलं, की दोन वाक्यांत आमच्या कचेरीतला शिपाईसुद्धा कधी निवृत्त झाला नाही. माणूस सोडायचा तर मानानं सोडावा. घरी बोलवावं, चार शब्द चांगले बोलावेत, हातात नारळ द्यावा, पोटभर जेवू घालावं. मग तो जाताना मान वर करूनच जातो. मानाची गोष्ट निघाली आणि संयोगिता विरघळली. राजवीरनं दिलेली पैंजणं, तीही रीतसर परत करा म्हणून तिनं डबीसकट मामांच्या हवाली केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंबीरराव नेमाप्रमाणे कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेले. तिथं त्यांनी ‘माझ्या एका मित्राची भाची’ असा विषय काढला. मित्र कोण हे कोणी विचारलं नाही. एकानं सांगितलं, पत्रिकेत दोष हाय म्हणावं, राहू लई कामाचा गडी. दुसरा म्हणाला, पोरीला सहा महिने चंदगडला पाठवा, तिथल्या पावसात प्रेम काय, लोखंडसुद्धा टिकत नाही. तिसऱ्यानं विरुद्ध पेठेच्या संघाचा शर्ट घालून तिला मॅचला बसवायची सूचना केली, म्हणजे पोरगं स्वतःच तोंड बघायचं बंद करील. म्हशीची धार काढता काढता गवळ्यानं, ‘मामा, संयूताईला माझा नमस्कार सांगा’ म्हटलं, तेव्हा हंबीररावांनी फेस तसाच मिशीवर ठेवून काढता पाय घेतला.

घरी येऊन त्यांनी राजवीरला फोन लावला. येत्या रविवारी दुपारी जेवायला या, म्हणाले. आता, निरोप समारंभाचा एक दंडक असतो. सत्कारमूर्ती सहकुटुंब येतात. बायको-पोरांदेखत माणसाचं चांगलं बोललं की त्याची किंमत घरात वाढते, हा हंबीररावांचा जन्मभराचा अनुभव. त्या अनुभवाला स्मरून ते फोनवर पुढं म्हणाले, “एकटं येऊ नका. घरच्या थोरामोठ्यांना घेऊन या.”

पलीकडून राजवीर म्हणाला, “व्हय मामा. आणतो की.”

त्याचा आवाज भरून आलेला हंबीररावांना स्पष्ट कळला. पोराला कुणकुण लागलीय, त्यांनी मनाशी म्हटलं, आणि तरी किती समजूतदारपणे घेतोय.

तयारीला ऊत आला. महाद्वार रोडच्या दुकानात त्यांनी टॉवेल, टोपी आणि शाल मागितली, तेव्हा दुकानदारानं ‘सुपारी का साखरपुडा?’ असं विचारलं. त्यावर हंबीररावांनी ‘तसलं काही नाही, घरातल्या घरात’ असं खालच्या आवाजात सांगितलं. घरातल्या घरात म्हटल्यावर दुकानदारानं डोळा बारीक केला आणि पोरीसाठी म्हणून एक खणही कापून दिला. घड्याळावर नावं घालणाऱ्याकडं निराळीच अडचण. त्याला मजकुरात प्रसंग पाहिजे होता. ‘वाढदिवस, लग्न, निवृत्ती, यातलं काय?’ असं तो पुन्हा पुन्हा विचारू लागला. यातलं एकही नाही आणि जे आहे त्याला घड्याळावर लिहिण्याजोगा शब्द नाही, अशा पेचात हंबीरराव सापडले. शेवटी ‘घेणाऱ्याचं राजवीर, देणारीचं संयोगिता, नुसती नावं टाका’ म्हणाले. त्या कारागिरानंही नुसती नावंच टाकली. पण दोन नावांच्या मधे जागा रिकामी दिसते म्हणून तिथं चोचीला चोच लावलेले दोन राजहंस काढले आणि त्याचे वेगळे पैसे घेतले नाहीत.

शेजारी रफिकभाई. सगळ्या पेठेत फेटा बांधावा तर रफिकभाईंनी. ‘एक फेटा बांधायचाय रविवारी, पोरगं चोवीस-पंचविसाचं हाय,’ म्हटल्यावर त्यांनी कार्यक्रम विचारला. हंबीरराव म्हणाले, “हाय एक घरगुती. पर गाजावाजा नको बरं का, रफिकभाई.”

गाजावाजा नको, हे वाक्य कोल्हापुरात कोणत्या कार्याआधी म्हणतात हे रफिकभाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांनी ते फक्त बायकोला सांगितलं. नजीराभाभींनी फक्त समोरच्या विठाबाईंना सांगितलं. विठाबाईंनी कोणालाच सांगितलं नाही, नुसता दारात बसून रविवारपर्यंत येणाऱ्या-जाणाऱ्याकडं बघून डोळे पुसायचा सपाटा लावला.

रविवार उजाडला. बायडाबाईंनी पहाटेच मटण आणवलं होतं. एका चुलीवर तांबडा रस्सा, एका चुलीवर पांढरा. हंबीररावांनी बैठकीत सतरंजी घातली, समोर ताट मांडलं. ताटात शाल, टॉवेल, टोपी, नारळ. पैंजणांची डबी कोपऱ्यात ठेवून पाहिली, ती गरिबासारखी दिसली. म्हणून पैंजणं बाहेर काढून मधोमध मांडली. तरी ताट भुंडंच दिसत होतं, म्हणून हळदी-कुंकवाची कोयरी, पेढे आणि तो खण. बायडाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या, ताटाकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, पुन्हा ताटाकडं बघितलं.

“अवं, ह्ये काय मांडलंय?”

“मान.”

“मान न्हवं ह्यो. ह्यो तर—” एवढ्यात गल्लीत गाडी थांबली.

थांबली म्हणजे थांबतच गेली. तिच्यातून आधी राजवीरची आजी तानाबाई उतरली, नऊवारी, कपाळभर कुंकू. मग आई-बाप, मग शाहूवाडीची आत्या, मग आत्याच्या मांडीवर बसून आलेली आणखी दोन माणसं. शेवटी राजवीर, नव्या पांढऱ्या शर्टात, पहिल्यांदाच गोलाबाहेर आल्यासारखा. संयोगितानं खिडकीतून पाहिलं आणि तिचा चेहरा लिंबासारखा पिवळा पडला. ती मामांकडं वळली. मामा दारात नमस्कार करण्यात दंग होते. गर्दी पाहून त्यांना पूर्वीचे दिवस आठवले होते.

रफिकभाईही आले, फेट्याचं कापड घेऊन, आणि मागं गळ्यात हलगी अडकवलेला एक गडी. हंबीररावांनी भुवया उंचावल्या, तेव्हा ते कानाशी लागून म्हणाले, “गाजावाजा नको म्हणालता म्हणून एकच आणलाय.”

आणि हंबीरराव बोलायला उभे राहिले. खरंच सांगायचं तर ते त्या दिवशी रंगले. कितीतरी दिवस आटलेला झरा, फुटला तो घळाघळा. गोलापुढं उभ्या राहणाऱ्या माणसाची नजर साऱ्या मैदानावर असते पण पाय आपल्या रेषेवर असतात, असं ते म्हणाले. या मुलानं या घराची ओळख दोन वर्षं अशी जपली, जसं घुंगरू नाद जपतं. अशा मुलाला रिकाम्या हातांनी सामोरं जाणं आमच्या घराला शोभणार नाही. त्याच्या पुढच्या वाटेवर फुलं पडावीत. तानाबाई हुंदके देऊ लागली. हंबीररावांनी तिकडं समाधानानं पाहिलं, छाती भरून श्वास घेतला आणि म्हणाले, “आणि म्हणूनच आज आम्ही जड—”

त्या श्वासाला रफिकभाईंनी भाषण संपलं असं समजून मान हलवली, आणि हलगी कडाडली.

मग काही हंबीररावांच्या हातात राहिलं नाही. रफिकभाईंचे हात फिरले आणि राजवीरच्या डोक्यावर भगवा फेटा डौलात उभा राहिला. टॉवेल त्याच्या खांद्यावर, नारळ हातात. हंबीरराव आवाज चढवून पुन्हा ‘जड’ म्हणाले, तेव्हा विठाबाईंनी त्यांच्या हातातलं घड्याळ जड झालं असेल म्हणून काढून घेतलं, राजहंस बघितले आणि सगळ्यांना फिरवून दाखवले. तानाबाईनं ताटातली पैंजणं ओळखली. आपल्याच कारखान्यातली. पोरीनं आपलीच पैंजणं ताटात घालून पुढं केली, यापरता होकार तो कोणता? म्हातारी उठली, संयोगिताच्या पायाशी बसली आणि तिनं गळा काढला:

चांदीचा गं घुंगुर, बोले उंबऱ्याच्या कानी
माझ्या राजवीरा घरी, आली चंदगडची राणी

म्हातारं माणूस पायाशी बसलेलं. पाय झटकायचा कसा? संयोगिता खांबासारखी उभी. एका पायात पैंजण चढलं, तानाबाईनं त्याची फिरकी आवळली. हलगीवाल्यानं ताल बदलला. दारात गल्ली गोळा झाली होती, नजीराभाभी शीरखुर्म्याचं पातेलं घेऊन उभ्या होत्या. आणि त्या सगळ्या आनंदाच्या मधोमध हंबीररावांना पहिल्यांदा भाचीचे डोळे दिसले.

आपण काय केलं ते त्यांना तेव्हा कळलं. नारळ, टॉवेल, फेटा. माणसाला पाठवायचंही तेच, आणायचंही तेच. कचेरीत ते चालून गेलं, कारण तिथं कोणाला घरात आणायचं नव्हतं. जन्मभर ज्या जिभेनं दगडाला पाझर फोडला, ती टाळूला चिकटली.

“आज्जी,” संयोगिता म्हणाली, “दुसरं घालू नका.” मग राजवीरला, “जरा परड्यात ये.”

बैठकीत पोरांची लाज म्हणून हसू उठलं. हंबीरराव पांढरा रस्सा बघायच्या निमित्तानं स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. बायडाबाई आधीच तिथं होत्या.

परड्यात शेवग्याखाली दोघं उभे. पोरीच्या एका पायात पैंजण, एक पाय मोकळा. पोराच्या डोक्यावर फेटा, आणि नारळ त्यानं नुकताच अडवलेल्या चेंडूसारखा छातीशी धरलेला.

“राजवीर, मला तुझ्याशी लगीन करायचं न्हाई,” ती म्हणाली. “त्यात तुझी काय सुदिक चूक न्हाई.”

बायडाबाईंनी नवऱ्यासमोर दोन बोटं धरली. दोनच वाक्यं. हंबीरराव रश्श्याकडं बघू लागले.

शेवग्याची बारीक पानं त्याच्या फेट्यावर पडत राहिली. मग राजवीर म्हणाला, “म्हाईत होतं गं. उन्हाळ्यापासनं तू टाळ्या उशिरा वाजवतीस.”

“मग बोलला का न्हाईस?”

“गोलकीपर आपणहून गोल घेतोय व्हय?” त्यानं नारळ या हातातून त्या हातात घेतला. “आन मामांचा फोन आला, थोरामोठ्यांना आणा म्हणालं. मला वाटलं, माझंच बघण्यात चुकलं. पार शाहूवाडीची आत्या बोलावली की मी.” त्याला हसू आलं, आणि हसता हसता त्यानं खांद्यावरच्या नव्या टॉवेलानं डोळे पुसले. टॉवेल तेवढा कामी आला.

“आत मी सांगते,” संयोगिता म्हणाली.

“नको. माझी माणसं हायती. मी सांगतो.”

तो बैठकीत आला आणि फेट्यासकट आजीसमोर उकिडवा बसला. आज्जी, ही सुपारी न्हवं, म्हणाला. मामांनी मानानं निरोप द्यायला बोलावलं होतं, समजण्यात माझी चूक झाली. हंबीररावांची चूक त्यानं अशी आपल्या अंगावर घेतली, जसा कोपऱ्यातला फटका घ्यावा. हलगीवाल्याची काडी हवेतच राहिली. विठाबाईंनी घड्याळ पोटाशी धरलं. संयोगिता दारात उभी, आणि तिला उत्तर हवं होतं ते फक्त म्हातारीच्या चेहऱ्यावर.

तानाबाईनं ताट पाहिलं. नातवाचा फेटा पाहिला. मग हंबीररावांवर नजर लावली.

“पावणं, ह्यो निरोप?”

“व्हय आज्जी,” हंबीरराव कसेबसे म्हणाले. “मानाचा.”

“तुमी निरोप असा देतासा,” म्हातारी म्हणाली, “मग लगीन कसं लावत असशीला?”

आधी आत्या हसली. मग रफिकभाई, मग दारातली गल्ली. राजवीर हसला तेव्हा मात्र संयोगिताच्या छातीवरचा दगड उतरला. हसणाऱ्याची मान खाली जात नाही.

राहिलं एका पायातलं पैंजण. तानाबाईनं इतक्या मायेनं आवळलेली फिरकी, ती काही सुटेना. बायडाबाईंनी खोबरेल लावलं, नजीराभाभींनी साबण, हंबीररावांनी चिमटा आणला तो सगळ्यांनी मिळून परत पाठवला. शेवटी राजवीर पायाशी बसला. “ही फिरकी मीच बसवल्याली,” म्हणाला. अंगठ्यानं किंचित दाबून उलटी वळवली, आणि पैंजण त्याच्या तळहातात उतरलं, घुंगरू न वाजवता. साऱ्या कारकिर्दीत हंबीररावांनी एवढा चांगला निरोप ऐकला नव्हता, आणि त्यात एक शब्द नव्हता.

तानाबाईनं पैंजणं पदराच्या गाठीला बांधली. चांदी हाय, म्हणाली, वितळवून पुन्हा घडवू. मग मघाचीच ओवी तिनं हळू आवाजात धरली, पण दुसरी ओळ फिरवून:

चांदीचा गं घुंगुर, बोले उंबऱ्याच्या कानी
निघाल्या पायांना बाई, नको डोळ्यांचं गं पाणी

“आन जेवाण खरंच हाय का त्येबी भाषणच हाय?” तिनं विचारलं, आणि पंगत बसली. पांढरा रस्सा तिनं तीनदा मागून घेतला. संयोगितानं वाढला.

हुपरीकर जाताना घड्याळही घेऊन गेले. चालतंय न्हवं, मग ठेवून काय करायचं, असं तानाबाईचं म्हणणं पडलं. हंबीरराव पुढं कितीतरी दिवस कट्ट्यावर गेले नाहीत. गवळी विचारत होता, की माझ्या एका मित्राला नोकरी सोडायचीय, मामा त्याला हलगी लावून देतील का. घरात निरोप हा शब्द काढायचा नाही असं ठरलं. बायडाबाई बाजाराला निघाल्या तरी ‘येते’ म्हणताना तोंडाला पदर लावत.

आणि तुळशीची लग्नं झाल्यावर एक दिवस तानाबाईचा फोन आला. शाहूवाडीची आत्या त्या दिवशी रिकाम्या हातांनी गेली तरी रिकाम्या डोक्यानं गेली नव्हती. तिच्या गावची प्रियदर्शनी, मुलीनंच राजवीरच्या दोन मॅच बघून होकार कळवलेला. आता खरी सुपारी होती, हुपरीत. भाषणाला तुमीच पायजे, म्हातारी म्हणाली. त्या दिवशीचंच बोला, एक अक्षर बदलू नका, आन पोरीलाबी आणा.

हंबीरराव आधी मानी माणसासारखं नाही म्हणाले. मग आरशासमोर उभे राहिले.

कारखान्याच्या अंगणात मांडव होता. भिंतीवर राजहंसांचं घड्याळ, एका नावावर फुटबॉलचं चित्र चिकटवलेलं. रफिकभाईंनीच फेटा बांधला. संयोगिता बायडाबाईंशेजारी पुढच्या रांगेत बसली होती. हंबीरराव उभे राहिले आणि तेच भाषण त्यांनी पुन्हा वाहतं केलं. गोलाची रेषा आली, घुंगराचा नाद आला, वाटेवरची फुलं आली. प्रियदर्शनीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. हंबीररावांना राहवेना. त्यांनी छाती भरून श्वास घेतला.

“आणि म्हणूनच आज आम्ही जड—”

“वाजीव रं,” तानाबाई म्हणाली.

हलगी कडाडली. आणि अख्ख्या मांडवात सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या त्या संयोगितानं.